दिव्याचा चौकोन

माझी नणंद चौतीस वर्षं एक्स-रे काढतेय. शिशाचा एप्रन वागवून खांदे उतरलेत, बोलणंही आखडलंय. "श्वास घ्या. धरा. सोडा." घरी चहा देतानाही हाच सूर.

परवा मी बाथरूममध्ये आपटले. तिच्याच दवाखान्यात नेलं. पहिला फोटो दुसऱ्या बाईंनी काढला. नुसतं धुकं! डॉक्टर म्हणाले, "काही दिसत नाही. मुका मार असेल. चालत घरी जा आजी, सांधा मोकळा होईल." पाय टेकला की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण जाड बाईचं दुखणं खरं मानायला सवड कोणाला?

नणंदेला होती. "डॉक्टर, मी एक काढते. एकच."

"मग किरणांचा डोस वाढवा. बाई जाड आहेत."

"नुसता डोस वाढवून धुकंच वाढेल."

तिने मला टेबलावर निजवलं. अंगावर दिव्याचा चौकोन पडला, पोटापासून पार मांडीपर्यंत. जिथे उजेड, तिथे किरण.

"ही आमची सगळ्यांची खोड, वहिनी. फोटोत हाडाची कड कापली गेली की बोलणी बसतात, म्हणून किरणांची ही खिडकी सताड उघडी. मग किरण पोटावर आदळून चहूकडे उधळतात आणि फोटो गढूळ होतो."

"म्हणजे माझ्या पोटाचा दोष नाही?"

"आहे ना. पण ते काय आज उतरणारे?"

उधळलेले किरण अडवणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी टेबलाखाली नीट बसली आहे ना, ते तिने पाहिलं. बोटांनी माझा खुबा तीनदा चाचपला. चौकोन आवळत आवळत तेवढ्यावरच आणला.

"आणि मोडलेलं हाड या चौकोनाबाहेर असलं तर?"

"तर तुम्ही चालत घरी जाल. तिसऱ्यांदा किरण मी तुम्हाला देणार नाही. श्वास धरा."

पडद्यावर खुब्याचं हाड लख्ख उमटलं आणि त्यात केसाएवढी काळी रेघ. डॉक्टरांचा सूर बदलला. "त्यांना उठवू नका! एक पाऊल टाकलं असतं तरी हाड सरकलं असतं."

नणंद हसली नाही, मिरवलीही नाही. "ऑपरेशन आहे. दादाला मी फोन करते," म्हणाली. एप्रन काढून खुंटीला अडकवला, फोन केला, दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिली. मग तोच एप्रन पुन्हा चढवला. दाराबाहेर चौदा माणसं होती.

मला स्ट्रेचरवरून ढकलत बाहेर नेलं तेव्हा पुढचा माणूस शर्ट काढून उभा होता. दिव्याचा चौकोन तिने त्याच्या छातीएवढा केला. बोटभरही जास्त नाही.

"श्वास घ्या," ती म्हणाली.