मागच्या खोलीतली रेंज

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या भाड्याच्या घरात इंटरनेट पुढच्या दारातून आत येतं आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचता पोचता दमतं. मागची खोली कुणीतरी नंतर वाढवलेली, मध्ये जाडजूड विटांची भिंत. तिथे फोन नेला की रेंज गुल. आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण त्या खोलीत सुटकेसा आणि इस्त्रीचं टेबल यांचाच मुक्काम असायचा.

एप्रिलमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. त्याच्या टीममधले निम्मे लोक एका सकाळी घरी पाठवले, त्यात हा. आमचा व्हिसा त्या नोकरीवर टांगलेला. नवी कंपनी ठराविक मुदतीत मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा, मुलीची शाळा अर्ध्यावर सोडायची. आणि नेमकं त्याच महिन्यात सासऱ्यांचं नागपूरहून यायचं तिकीट काढलेलं होतं.

"बाबांना सांगायचं नाही," नवरा म्हणाला. मी "हो" म्हणाले, आणि याला आमच्या दोघांच्या घरची रीत कारणीभूत आहे. आमच्याकडे वाईट बातमी निवळल्यावरच सांगतात. माझे सख्खे काका गेले हे मला परीक्षा संपल्यावर कळलं होतं. त्यात बाबांची गेल्याच वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. त्यामुळे नोकरी मिळेपर्यंत याने 'वर्क फ्रॉम होम' करायचं असं ठरलं.

आता वर्क फ्रॉम होम करायचं कुठे? पुढच्या खोलीत बाबा आणि टीव्ही. स्वयंपाकघर तिला लागून, मध्ये दार नाही. इंटरव्ह्यू द्यायचा तर मागच्याच खोलीत, आणि तिथे तर रेंज नाही. म्हणजे लोक चांगलं नेट मिळावं म्हणून दुसरा राउटर बसवतात, आम्ही तो सासऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बसवला.

आधीच्या घरातला जुना राउटर वायरींच्या खोक्यात पडून होता. नवरा इंटरव्ह्यूच्या तयारीत, म्हणून ते काम मी अंगावर घेतलं. एक व्हिडिओ बघितला, पहिल्या राउटरपासून दुसऱ्यापर्यंत केबल जोडली आणि घरातलं होतं नव्हतं तेवढं नेट गेलं. बाबांची मालिका नेमकी सासूच्या उगारलेल्या हातावर थांबली. मी मुळात तापट. तो राउटर बागेत भिरकावायचं तेवढं बाकी होतं. मग कळलं की घरातल्या फोन-लॅपटॉपना नंबर वाटायचं काम दोन्ही राउटर करू बघत होते. एका म्यानात दोन तलवारी. दुसऱ्याचं ते वाटप सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं, त्याला पहिल्याचंच नाव आणि पासवर्ड दिला, तेव्हा कुठे दोघं नांदायला लागले.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांना या कामाचा फार आनंद झाला. केबल पायात येऊ नये म्हणून त्यांनी ती भिंतीच्या कडेने क्लिपा मारत स्वतः नेली आणि राउटर स्वयंपाकघराच्या पलीकडच्या टोकाला, मागच्या खोलीच्या दाराशी बसवला. "कंपनीचं काम आहे, असं लोंबतं नको," म्हणाले. मी मान खाली घालून क्लिपा देत राहिले. मला त्या माणसापुढे लाज वाटत होती, माझीच.

जूनमध्ये एका कंपनीने शेवटच्या फेरीला बोलावलं. मुदत संपत आली होती आणि दुसरं काही हातात नव्हतं. त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या माझ्या नोकरीतून सुट्टी घेतली. नेट तीनदा तपासलं. बाबांना म्हटलं, "आज त्याची मोठी मीटिंग आहे, टीव्ही नको हं."

"मी पेपर वाचतो ना फोनवर. तू कशाला टेन्शन घेतेस?"

नवरा आत गेला, दार लावलं. मी वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालत बसले, कारण खाली बसले असते तर दाराला कान लावला असता. बाहेर आभाळ भरून आलं होतं. मग गडगडलं. इथे एवढं क्वचित गडगडतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही, इतकी वर्षं इथे राहून मी विसरले होते की गडगडलं की आपल्याकडे काय करतात.

बाबा विसरले नव्हते. नागपूरला त्यांचा एक टीव्ही विजेने जळलेला. आभाळ वाजलं की घरातले सगळे प्लग उपसायचे हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. ते उठले ते थेट नव्या राउटरकडे गेले, कारण तो मुलाच्या कामाचा. तोच आधी वाचवायला हवा. त्यांनी प्लग ओढला आणि मायक्रोवेव्हकडे वळले.

खालून दार आपटल्याचा आवाज आला. मी धावत उतरले तर नवरा लॅपटॉप छातीशी धरून स्वयंपाकघरात उभा, चेहरा पांढराफटक. बाबांच्या हातात मायक्रोवेव्हचा प्लग. मी राउटरचा प्लग परत खोचला, पण ते यंत्र चालू व्हायला मिनिटं घेतं, आणि तिकडे चार माणसं रिकाम्या चौकोनाकडे बघत बसलेली. स्वयंपाकघरात पुढच्या राउटरची थोडी रेंज मिळते. नवऱ्याने लॅपटॉप ओट्यावर टेकवला आणि तिथूनच पुन्हा जोडला गेला.

"सॉरी, वुई हॅव अ स्टॉर्म हिअर," तो हसत म्हणाला. समोरचेही हसले. बाबा कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून फ्रिजला चिकटून उभे राहिले, प्लग तसाच हातात. तेवढ्यात एका बाईंनी शांतपणे विचारलं, तुम्ही सध्याची नोकरी का सोडताय?

नवऱ्याने एकदा बाबांकडे बघितलं. मग स्क्रीनकडे बघून म्हणाला, "आय लॉस्ट माय जॉब इन एप्रिल."

बाबांना इंग्रजी उत्तम येतं. मी त्यांच्या छातीकडेच बघत होते, हात तिकडे जातो का म्हणून. गेला नाही. ते हळूच खाली बसले, फरशीवर, फ्रिजला पाठ लावून, आणि पुढचा सगळा इंटरव्ह्यू त्यांनी तिथे बसून ऐकला. नवरा एकाही प्रश्नाला अडखळला नाही. उलट मी दाराआडून ऐकलेल्या मागच्या दोन इंटरव्ह्यूंपेक्षा सरळ बोलला.

कॉल संपला. "गुरुवारपर्यंत कळवतील," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. मी बाबांना उठवायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"रोज तू कामावर गेलीस की मी याला चहा न्यायचो," ते मला म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. "हेडफोन लावून तू हातवारे करत बोलत असायचास. मला बोटाने थांबवायचास, मीटिंग आहे म्हणून. मी कप ठेवून पाय न वाजवता परत यायचो. ते कुणाशी बोलायचास रे?"

हे मलाही माहीत नव्हतं. मला वाटायचं, तो अर्ज भरत बसतो.

"कुणाशीच नाही, बाबा."

बाबा ओट्याला धरून स्वतःच उठले. बाहेर पाऊस सुरू झाला होता. ते म्हणाले, "मग उद्यापासून माझ्याशी बोल."

गुरुवारी नकार आला. मी ओट्याशी उभी होते. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत बाबा त्याला कडक आवाजात विचारत होते, "टेल मी अबाउट युअरसेल्फ," आणि मेल वाचलेला माझा नवरा त्यांना पहिल्यापासून सांगायला लागला होता.