लाजेपायी तोडलेलं पाणी

माझ्या मुलीच्या लग्नाला तिचा सख्खा मामा येणार नाही म्हणतो! फोनवर हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी साताऱ्याहून वसईकडे जाणारी एसटी धरली. ‘तब्येत बरी नसते’, एवढंच दादा म्हणाला. बरी नसते म्हणजे काय? रोज मुंबईला कामावर जायला तब्येत बरी असते आणि भाचीला मांडवात आणायच्या वेळीच ती आडवी येते? ठाण्यापर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी कडाकडा भांडत होते.

हायवे सोडून गाडी वसईत शिरली की एका बाजूला सातिवलीचे पत्र्याचे कारखाने आणि गोदामं लागतात. तिथून रिक्षा बदलत विरार पूर्वेला चंदनसारला पोचले. नव्या इमारती, अर्धवट रस्ते, आणि फाटकाशी पाण्याचा टँकर. दादाचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडलं ते वहिनींनी. मागे दादा उभा होता, आणि त्याला बघून माझं भांडण घशातच राहिलं. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. पोट मात्र तसंच सुटलेलं.

“झोप लागत नाही हो यांना,” वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. “रात्री चार-पाच वेळा उठतात. लघवीला.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“शेजारचे म्हणतात टँकरच्या पाण्याचा दोष. कुणी म्हणतं वय झालं. आम्ही संध्याकाळनंतर पाणी बंद केलंय.”

दादाला बाहेर ऐकू गेलं असावं. “शालू, ही तुला कशाला सांगते हे सगळं?” तो माझ्यावर ओरडला. मग लग्नाला न येण्याचं खरं कारण कळलं. रातराणी एसटीत बसलो आणि वाटेत लागली तर? ड्रायव्हरला काय सांगायचं? भर गाडीत? त्यापेक्षा लग्नाला न गेलेलं बरं, असं ह्या शहाण्यानं ठरवलं होतं. माझं डोकंच फिरलं. माणसं छातीतली कळ चारचौघांत सांगतात, ऑपरेशनचे टाके सदरा वर करून दाखवतात. लघवीचं नाव काढलं की मात्र तोंडाला कुलूप.

रात्री जेवायला बसलो. दादाच्या ताटात भाताचा डोंगर, सोबत खारट सुकट आणि तळलेले पापड. पाण्याचा पेला नाही. जेवण झाल्यावर वहिनींनी डबा पुढे केला. त्यात सुकेळी होती (साल काढून उन्हात वाळवलेली वसईची केळी, मधासारखी गोड). “अशक्तपणा आलाय ना, म्हणून रोज देते. दुपारी ग्लुकोजची पावडर पण देते, घोटभर पाण्यात.” किती मायेनं सांगत होत्या! मला तेव्हा तरी त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाच्या ऑफिसमधल्या आग्नेलच्या बहिणीचं लग्नघर गाठायचं होतं. वसई पश्चिमेला, केळीच्या आणि नारळाच्या वाड्यांमध्ये त्यांचं जुनं घर. ही मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जातात आणि घागरी भरून आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. मे महिन्याचं ऊन, पुढे बँड, मागे लाल लुगड्यातल्या बायका. पोरीबाळी नाचत होत्या, मलाही ओढलं. फार छान चाललं होतं.

परतताना दादा दिसेना. वळून बघते तर तो कुंपणाला धरून खाली बसत होता. बसला कसला, कोसळलाच. ओठांना भेगा पडलेल्या. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता महाराजांनी, परक्या घरी सारखं आत जावं लागेल म्हणून! भरलेल्या घागरींच्या मिरवणुकीत माझा भाऊ तहानेनं पडला.

“साखरपाणी आणा!” कुणीतरी ओरडलं. आग्नेलच्या आईनं मात्र डोक्यावरची घागर उतरवली. “साखर नको, आधी साधं पानी दे त्याला, पानी!” त्यांनी ते मानाचं पाणी ओंजळीनं दादाच्या तोंडाशी लावलं. घागरीत किती उरलं, हे त्या घरात कुणी बघितलंही नाही.

जवळच्या दवाखान्यात आग्नेलनं जीपमधून नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण तोंडाच्या फटकळ. रक्त तपासलं, सलाईन लावलं, मग आम्हाला समोर बसवलं.

“पाणी कुणी बंद केलं?”

वहिनींनी दीड वर्षाचं सगळं सांगितलं: बंद केलेलं पाणी, रात्रीचं सुकट, ग्लुकोज, सुकेळी.

“उलटं केलंत. पाणी जास्त होतं म्हणून हे उठत नाहीत. रक्तात साखर फार झाली की शरीर ती लघवीतून बाहेर काढतं, आणि जाताना ती पाणी ओढून नेते. म्हणून तहान, म्हणून अशक्तपणा. त्यावर तुम्ही काय देताय? ग्लुकोज आणि सुकेळी!”

“पण घरात कुणाला साखर नाही,” दादा पुटपुटला.

“इन्सुलिन तुमच्या शरीरात तयार होतं, पण शरीर आता त्याला दाद देत नाही. पोट वाढलंय, दिवसभर खुर्ची, भात आणि गोड चहा. वर्षानुवर्षं असंच चालतं आणि मग साखर चढते. रात्रीच्या खारटानं लघवी आणखी वाढते. वयानं प्रोस्टेटची ग्रंथी वाढते, तीही तपासू. पण दीड वर्ष गप्प बसलात, ते कशासाठी?”

मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं आणि दादाच्या कानफटात दोन द्याव्याशा वाटल्या.

गोळ्या सुरू झाल्या, भात मुठीएवढा झाला, सुकेळीचा डबा शेजारी गेला. आठवडाभरानं आम्ही तिघं लग्नासाठी दिवसाच्या एसटीनं निघालो. पुणं सुटलं तसा दादा चुळबुळ करायला लागला. बाटलीला हात लावेना.

“जायचंय का?”

“नाही, नाही. साताऱ्यालाच जाईन.”

मी उठले. “कंडक्टर, गाडी थांबवा. माझ्या भावाला लघवीला जायचंय.”

अख्खी गाडी वळून बघायला लागली. दादानं डोळे मिटून घेतले. कंडक्टर म्हणाला, “बाई, स्टँड येईल की आता.”

“साखरेचा पेशंट आहे. स्टँड येईपर्यंत तुम्ही धरून बसता का?”

गाडी थांबली. दादा मान खाली घालून उतरला. त्याच्यामागे धोतरवाले एक आजोबा उतरले, मग एक ढेरपोट्या गृहस्थ, मग अजून एक. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं माझा पदर ओढला. “बाई, माझ्याबरोबर त्या झाडामागं येता का जरा? स्वारगेटपासनं दम धरून बसलेय.”

मी तिचा हात धरून तिला उतरवलं. संतापानं माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. एका गाडीत इतकी माणसं कळ दाबून बसली होती, आणि माझा भाऊ दीड वर्ष समजत होता की हे फक्त त्यालाच होतं.