पेंटरने वाचलेला पत्ता

बाजाराच्या रस्त्याने चालत गेलं तर दोन्ही बाजूंना जी अक्षरं दिसतात, त्यांतली निम्मी पेंटरच्या हातची. औषधांचं दुकान, दातांचा दवाखाना, शिवणाचा क्लास. उन्हाने पाटी विटली की मालक म्हणायचा, "पेंटर, होती तश्शी करून द्या." आणि पेंटर ती अशी करून द्यायचा, की जुनी कुठली नि नवी कुठली हे मालकालाच कळू नये. दुसऱ्याच्या हाताचं वळण आपल्या हातात उतरवायचं, ही त्याची विद्या. त्याचं खरं नाव लोक कधीच विसरून गेले होते. बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे पेंटर" असंच म्हणायची.

आता ती काहीच म्हणत नाही. घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून पेंटरने तिचा आवाज फोनमध्ये भरून घेतला. ती आधी लाजली, मग चिडली, त्यामुळे भरलं गेलं ते बहुतेक चिडणंच. "अहो, तो ब्रश माझ्या पातेल्यात बुडवू नका, कितीदा सांगू?" आणि जिन्याखालून मारलेली एक हाक: "अहोऽ, जेवायला येताय, की ताट वरच पाठवू?" भाच्याने ते सगळं पेंटरच्या मेलच्या खात्यात चढवून दिलं. पुढे फोन रंगाच्या बादलीत पडून मेला आणि पेंटरने तो नंबरही बंद करून टाकला. आवाज मात्र खात्यात शाबूत राहिले. तिन्हीसांजेला हातातलं काम आटोपून ती कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढायची आणि कानाला बोट लावायची. लावा, म्हणून. स्वतःचं रागावणं ऐकताना तिचे खांदे हसण्याने गदगदायचे. खोलीत आवाज उमटायचा तो फक्त जुना.

कॉम्प्युटर घरात आला तो छापील फ्लेक्समुळे. रंगवलेल्या पाट्या लोकांना नकोशा झाल्या, तेव्हा पेंटरने निमूट ब्रश धुऊन ठेवले आणि माउस हातात धरला. पण ऐन कामात पडद्यावर एक चौकट येऊन बसायची: ब्राउझरची नवी आवृत्ती आली आहे. खाली दोन बटणं, 'आता' आणि 'नंतर'. एकदा त्याने 'आता' दाबलं, तर यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि दवाखान्याची अर्धी पाटी पुसून गेली. तेव्हापासून तो 'नंतर' दाबायचा. माशी हाकलावी तसं.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या भाच्याने दुसरीच गोष्ट बजावली होती. "मामा, पासवर्ड टाकायच्या आधी वरच्या पट्टीतला पत्ता वाचायचा. हुबेहूब खोटी पानं बनवतात लोक. पण पत्त्यात कुठेतरी अक्षर फसतंच."

"मला अक्षर शिकवतोस? तू पाटी उलटी धरायचास, तेव्हापासून अक्षरं विकून खातोय मी."

"विका हो. पण वाचा."

एके दुपारी मेल आला. तुमचं खातं भरलं आहे, आत येऊन खात्री करून द्या, नाहीतर आतलं सगळं पुसलं जाईल. आतलं सगळं म्हणजे ती. तरी पेंटरने घाई केली नाही. पान उघडल्यावर चष्मा पुसला. रंग पाहिला, अक्षरांचं वळण पाहिलं, दोन अक्षरांतली मोकळी जागा पाहिली. पट्टीतला पत्ता डावीकडून वाचला, मग उलटा उजवीकडून वाचला, जशी तो तयार पाटी तपासायचा तसा. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मग त्याने पासवर्ड टाकला.

तिन्हीसांजेला तिने खुर्ची ओढली, कानाला बोट लावलं. खातं उघडेना. पासवर्ड चुकीचा आहे, चुकीचा आहे, एवढंच येत राहिलं.

भाचा धावत आला. "मामा, पत्ता वाचला नाहीत ना?"

"वाचला. बरोबर होता."

"असं कसं होईल—"

"बरोबर होता म्हणतोय ना!"

भाच्याने ब्राउझर उघडून कुठेतरी आत पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकला. "खरंय तुमचं. तुम्ही नीटच वाचलंत. या ब्राउझरमध्येच भोक होतं. पान चोराचं, पण पट्टीत पत्ता खऱ्याचा दाखवत होता. तुम्ही टाकलेला पासवर्ड चोराने घेतला आणि बदलून टाकला. तुम्ही काय, मीही फसलो असतो. ते भोक बुजवून नवी आवृत्ती केव्हाच आली, मामा. विचारत नव्हता का तो तुम्हाला?"

'नंतर' कुठल्या कोपऱ्यात असतं, हे पेंटरला डोळे मिटून सांगता आलं असतं.

खातं परत मिळवायला कंपनी एक आकडा पाठवणार होती, तोही बंद करून टाकलेल्या नंबरवर.

"मग मी त्यांच्या ऑफिसात जाऊन येतो. माणसाशी बोलतो."

"माणूस नसतो हो तिथे. यंत्रच उत्तर देतं."

"लिही त्याला. म्हणावं, पातेल्यातल्या ब्रशवरून ती काय बोलली आहे ते अक्षरन् अक्षर सांगतो. चोराला येईल का सांगता?"

भाच्याने मुकाट्याने लिहिलं. उत्तर लगेच आलं: हे खाते आपलेच असल्याची खात्री पटली नाही. पुन्हा लिहिलं. तेच वाक्य पुन्हा आलं. "मी आपल्याकडे एक प्रत ठेवायला हवी होती, मामी," भाचा म्हणाला. मामीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सवयीने तिने खुर्ची ओढली. पडदा काळा होता हे तिलाही दिसत होतं. तरी ती बसली.

पेंटरने घसा खाकरला. "अहो, तो ब्रश माझ्या पातेल्यात बुडवू नका, कितीदा सांगू?"

तिने चमकून पाहिलं. मग मान हलवली आणि तळहात वर उचलला. आवाज चढा हवा.

त्याने चढवला. तिने टेबलावर भराभर बोटं वाजवली. इतकं रेंगाळायचं नाही, 'कितीदा'वर जोर. त्याने जोर दिला. आता ती हसत होती, खांदे गदगदत होते, आणि डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं. मान मात्र नाहीच म्हणत होती.

"अहोऽ," पेंटरने जिन्याखालची हाक घेऊन पाहिली. आवाज मध्येच फाटला.

ती पुन्हा मान हलवून वाट पाहत राहिली.