झऱ्यावरचा जवान पळाला नव्हता

मी सोळा वर्षं फौजेत होतो. बाहेर पडलो तेव्हा डावा घोटा कायमचा वाकडा झाला होता आणि कागदावर लिहिलं होतं, ‘पाय घसरून पडल्याने दुखापत’. त्या एका ओळीपायी अपंगत्वाचं पेन्शन गेलं. ऑफिसं पालथी घातली, टेबलांवर हात आपटले, कोणी ऐकलं नाही. तो राग घेऊनच शारजाला आलो. आधी वॉचमन झालो, मग भंगारातले जनरेटर दुरुस्त करून विकू लागलो. आज हमरिया फ्री झोनमध्ये माझं स्वतःचं यार्ड आहे. बाजारात मला भांडखोर म्हणतात, ते खोटं नाही.

माझा एक मित्र ट्रेलर चालवतो. आमची ओळखच भांडणातून झाली. फुजैराच्या एका ट्रिपचे त्याने सहाशे दिरहम सांगितले.

“सहाशे? चौदा हजार रुपये! जनरेटर ले जा रहा है कि दुल्हन?”

तो हसला. “उस्ताद, इतना चिल्लाते हो. फौज में थे क्या?”

मी होतो. तोही होता, सीमेपलीकडच्या फौजेत. चहा संपेपर्यंत कळलं की एकाच डोंगराच्या दोन बाजूंना, वेगवेगळ्या वर्षी, आम्ही दोघांनी थंडी काढली होती. दोन चौक्यांमधला झराही त्याला माहीत होता. सकाळी ते पाणी नेत, दुपारी आम्ही. कोणी ठरवलेलं नव्हतं, पण पाण्याच्या वेळेला गोळी सुटत नसे.

म्हणून त्याला, आणि फक्त त्यालाच, मी खरं सांगितलं. एके सकाळी आमचं पाणी संपलं आणि मी त्यांच्या वेळेला झऱ्यावर गेलो. शेवाळावरून घसरलो, घोटा मोडला. समोर त्यांचा एक जवान कॅन भरत होता. त्याने रायफल दगडाला टेकवली, स्वतःच्या मफलरने माझा पाय घट्ट बांधला आणि आमच्या चौकीकडे तोंड करून ओरडला, “अपना बंदा ले जाओ!” आमची माणसं येईपर्यंत तो माझ्याजवळ बसून राहिला. अहवालात त्याचा उल्लेख केला असता तर चौकशी लागली असती, म्हणून मी एवढंच लिहून दिलं, की पाय घसरला.

हे ऐकून माझ्या मित्राने माझ्या वाकड्या घोट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “अच्छा किया उसने.”

गेल्या वर्षी अबुधाबीत मराठी मंडळाने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. सीमेवर तेव्हा गोळीबार चालू होता, जो तो फोनवर बातम्या बघत होता. लांबच्या ड्रायव्हिंगने माझा पाय सुजतो, म्हणून गाडी त्याने चालवली. “अंदर बैठ, खाना खा के चलेंगे,” असं मीच म्हणालो. तो शेवटच्या रांगेत बसला.

शाल मिळाली, नारळ मिळाला. सूत्रसंचालक म्हणाले, “सर, हा पाय कसा दुखावला, तो अनुभव होऊन जाऊ दे. हिंदीत बोला, गेस्ट आहेत.” समोर तीनशे माणसं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पायाबद्दल विचारत होतं. घसरलो, हे मला त्यांच्यासमोर म्हणवेना. मी झरा सांगितला, जवान सांगितला, आणि म्हणालो, “मैं उस पर झपटा, पैर टूटा, फिर भी झपटा. वो राइफल फेंककर भाग गया!”

हॉल उठून उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “अंकल, डिड यू शूट हिम?”

“नहीं बेटा. भागते हुए आदमी को हम छोड़ देते हैं.”

त्या माणसाने मला दाखवलेली दया मी स्वतःच्या नावावर केली आणि त्याला भित्रा ठरवलं. टाळ्या वाजत असताना मी मागच्या रांगेकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती.

परतताना तो रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवत होता. शेवटी मीच सुरुवात केली, “यार, माहौल ऐसा था.”

“सच बोलते तो तालियाँ कम बजतीं?”

“कम बजतीं.”

“कितनी कम?”

प्रत्येक वस्तूचा भाव मला तोंडपाठ; ती सवय इथेही सुटली नाही. आणि मग मी आणखी खाली गेलो. म्हणालो, “चल, अगली तीन ट्रिप तेरे रेट पे.”

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “वो बंदा मेरे ही गाँव का हो सकता था, उस्ताद,” एवढंच म्हणाला. यार्डाशी गाडी लावली, किल्ली बॉनेटवर ठेवली आणि चालत गेला.

तो अजूनही माझा माल नेतो. रेट सांगतो, मी घासाघीस केली की मान हलवून तेवढ्यात नेतो. तो भांडत नाही, हेच मला सोसवत नाही.

परवा मंडळातून फोन आला. स्मरणिकेसाठी तो शौर्याचा प्रसंग लिहून पाठवा म्हणाले. मी हे लिहिलं; त्यांना जे हवं होतं ते हे नव्हे. छापतील की नाही, ठाऊक नाही. झऱ्यावरचा तो जवान पळाला नव्हता. मी घसरलो होतो आणि तो माझा पाय मांडीवर घेऊन बसला होता. माझ्या मित्राला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे हे त्याच्यासमोर बसून मलाच हिंदीत सांगावं लागेल. मंडळाला पाठवायचं पाकीट मी बंद केलं आहे. त्याला फोन मात्र अजून लावलेला नाही.