दोन फ्लॅटचं गिऱ्हाईक

"मॅडम, हेच ना तुमचे दोन फ्लॅट घेणारे? मग हे बायोडाटा घेऊन माझ्यासमोर का बसलेत?"

खराडीतल्या त्या साइट ऑफिसात सेल्स मॅनेजर असा काही गरजला, की काचेच्या पेटीतल्या नमुन्याच्या इमारतीभोवतीची प्लास्टिकची झाडं मुळापासून हलली. त्या पेटीत बोटभर पोहण्याचा तलावही होता. त्यात लाट आली. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवणारे आता घरातही फारसे उरलेले नाहीत, पण लाट आली होती. ज्या मुलीवर तो ओरडत होता, ती माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन दारातच थिजली होती. आणि मी बसलो होतो त्या खुर्चीत, जिच्यासाठी घरच्यांनी देव पाण्यात घातले होते.

त्याचं असं झालं. वीसेक वर्षं मी मिक्सर विकले. असे विकले, की अर्ध्या पुण्याची चटणी माझ्या कृपेने बारीक होते. मग कंपनीने इथली शाखा बंद केली आणि मी घरी बसलो. बायको एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर जाऊ लागली, तिचा डबा मी भरू लागलो. भेंडी मला उत्तम जमते, पण शेजारच्यांनी "आज पण घरीच का?" असं दारातून विचारलं की करपते.

आता पुण्यात विकायला घरं सोडून उरलंय काय? कात्रजपासून खराडीपर्यंत ज्याने म्हणून एका विटेवर दुसरी ठेवली, त्या प्रत्येकाला माझा अर्ज गेला. इंटरव्ह्यूचं बोलावणं एकाचंही नाही. नोकरी राहू दे, नुसतं समोर बसवून "नको" म्हणावं, इतकीच भूक उरली होती.

शेवटी भाच्याला शरण गेलो. तो बाणेरला एका एजंटकडे कामाला आहे. बायोडाटा वाचून तो म्हणाला, "मामा, हे मिक्सर काढ. गिऱ्हाईक कसं पटवायचास, ते लिही. आणि सगळीकडे सेम मेल मारू नकोस. एकच प्रोजेक्ट पकड, साइटवर जा, नीट बघ, आणि काय बघितलंस ते मेलमध्ये टाक. असं कोणी करत नाही, त्यामुळे कॉल येतो. फक्त तिथे सरळ सांग, जॉबसाठी बघायला आलोय म्हणून."

सल्ला सोन्यासारखा होता. त्यातलं 'सरळ सांग' तेवढं माझ्या प्रकृतीला मानवेना. साइटवर चाळिशी उलटलेला बेकार म्हणून कसा शिरू? गिऱ्हाईक म्हणून गेलो. एकटा माणूस घर बघायला आला तर संशय येतो, म्हणून वडिलांना बरोबर घेतलं. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत, दुसऱ्याच्या भिंतीवर टकटक करून बघण्याची त्यांना उपजत हौस आहे.

ही मुलगी तेव्हा भेटली. साताऱ्याकडची, बोलायला गोड. बजेट काय, असं तिने विचारलं आणि माझी जीभ सुटली. कात्रजच्या पलीकडची आमची जमीन रस्त्यात गेली, पैसे आलेत, एक फ्लॅट आम्हाला आणि शेजारचाच एक बाबांना. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू जमीन असल्याची बातमी त्यांना पेपरातून कळत होती. मुलीने मात्र जीव ओतून दाखवलं. फरशी घसरत नाही हे बाबांना पटावं म्हणून बाथरूममध्ये पाणी ओतून ती स्वतः त्यावर अनवाणी चालली.

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "आपली जमीन म्हणजे गॅलरीतल्या त्या दोन कुंड्या ना?"

मी मेल पाठवला. लिहिलं, आपल्या स्वयंपाकघरामागची धुण्याभांड्यांची ड्राय बाल्कनी आपण शेवटी दाखवता. ती आधी दाखवा, घरातलं मत तिथेच ठरतं.

फोन येऊ लागले. घंटा वाजली की बायकोच्या हातातली पोळी हवेत थांबायची. पण पलीकडे असायची ती मुलगी. "सर, बाबांचं काय ठरलं? या महिन्यात झालं तर माझं बरं होईल." मी म्हणायचो, पैसे जमा व्हायचेत. तिचं काय बरं होईल, हे मी कधी विचारलं नाही. एकदा धीर करून ऑफिसला फोन लावला, माझ्या अर्जाचं काय झालं? तिथली बाई म्हणाली, "सर, तुमचा नंबर कस्टमरमध्ये दिसतोय. सेल्सला जोडते." आणि जोडलं कोणाला, तर तिलाच.

मग तोच मेल मी बायकोचा नंबर घालून पुन्हा पाठवला. त्याच आठवड्यात बोलावणं आलं. भाच्याचं काही चुकलं नव्हतं. बायकोने शर्टाला स्वतः इस्त्री केली. बाबा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "जमेल तेवढं खरं बोल."

आणि मॅनेजरला पत्र आवडलं होतं हो. बाल्कनीचं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं, मान डोलावली, "कधीपासून येऊ शकाल?" असंही विचारलं. तोंड उघडणार, एवढ्यात ती पाणी घेऊन आली आणि हसून म्हणाली, "अरे सर, तुम्ही. आज बाबा नाही आले?"

पुढचं सांगितलंच. ओरडून झाल्यावर त्याने माझा बायोडाटा माझ्याकडे सरकवला. "महिनाभर आमच्या माणसाला नाचवलंत. या आता." सात दिवस सात रात्री न थांबता बोलू शकणारा मी, बायोडाटाची घडी करून उठलो.

बाहेर वॉचमनच्या केबिनपाशी रेंगाळलो. घरी काय सांगायचं, ते जुळवत होतो. थोड्या वेळाने ती पिशवी घेऊन आली, स्कूटरला किल्ली लावली. मी जवळ गेलो.

"माझ्यामुळे तुम्हाला उगाच ऐकून घ्यावं लागलं," मी म्हणालो. "मिळाली असती नोकरी, तर तुमच्याच बरोबर काम केलं असतं. तुमच्याकडून शिकलो असतो."

तिने हेल्मेटचा पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला.

"सर, या साइटला सेल्सची एकच जागा आहे," ती म्हणाली. "माझी."