बाईच्या स्लॅबवरची हवा

वणीच्या बसस्थानकावर उतरले तेव्हा माझा कुर्ता पांढरा होता. हे मुद्दाम सांगते, कारण मुकुटबनच्या रस्त्याला लागल्यावर तो तसा राहिला नाही. एसटी नुकतीच निघून गेली होती आणि पुढच्या गाडीबद्दल कुणीच छातीठोक सांगेना, म्हणून रहीमभाईंच्या ऑटोत बसले. पुढे कोळशाचे ट्रक, मागे सिमेंटचे. रहीमभाईंनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

"ताई, पांढरं घालून या रोडनं कोणी येते काय?"

"पुण्याहून निघताना सुचलं नाही हो."

"मी ईदचा पांढरा कुर्ता पिशवीत नेतो. मस्जिदीत पोचलो का घालतो."

दोघंही हसलो आणि दोघांनाही ठसका लागला. रस्त्याकडेच्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वाळल्या काड्या, पळसाची पानं, एका म्हशीची पाठ, सगळं एकाच राखी रंगाचं झालं होतं. लांबवर कारखान्याची चिमणी दिसू लागली. माझ्या लहानपणी या वळणावरून फक्त तुरीची शेतं दिसायची आणि ती दिसली की घर जवळ आलं असं वाटायचं.

मी निघाले होते बाईकडे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. आई गेल्यावर माझी शाळेची वर्षं बाईच्याच घरी गेली. आता तिचं वय झालंय, भाऊजी नाहीत, पोरं हैदराबादेत, पण पंधरा एकरांचं वावर ती अजून स्वतः उभी राहून करून घेते. तिचा फोन आला होता, "चैतात ये वं रत्ने. आपल्या स्लॅबवर हवा मोजाची मशीन येऊन राह्यली."

लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी हवा मोजायच्या ठिकाणी निघाले, म्हणून घरच्यांनी माझी बरीच थट्टा केली. पण स्लॅब म्हटल्यावर मला घरात बसवेना. चैत्रात त्या स्लॅबवर आख्ख्या गल्लीचं वाळवण असायचं. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशा बायका फिरत्या पाळीनं कुरडया घालायच्या. गव्हाचा चीक पातेल्यात रटरटायचा आणि पहिली वाटी, साखर घालून, मला मिळायची. तसा चीक मी पुण्यात पुष्कळदा करून पाहिला. गहू तोच, साखर तीच, आणि तरी ते नव्हेच.

बाई दारातच उभी होती. "काय वं, कोळशाच्या खाणीतून आली काय? पयले तोंड धुय!"

संध्याकाळी ज्वारीची भाकर, पाटवडीचा रस्सा आणि कांदा. जेवताना तिनं सांगितलं की स्लॅबवर वाळवण घालणं गल्लीनं कधीच सोडलं. कुरडई तळली की दाताखाली रेती लागते. "आता दुकानातून आणतो. कुरडई कधी इकत आणत असते काय?" एवढं बोलून ती आत गेली. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही.

सकाळी प्रदूषण मंडळाच्या नागपूरच्या प्रयोगशाळेतून वैशाली मॅडम मशीन घेऊन आल्या. त्या अभियंता. बाईनं त्यांना हळदीकुंकू लावलं आणि मग मशीनलाही लावलं. मॅडम हसल्या. चहा घेताना मी त्यांना विचारलं, एवढी मोठी चिमणी तिकडे असताना इथे स्लॅबवर काय मोजणार?

त्यांनी समजावून सांगितलं. नियमात कारखान्यांचे रंग ठरलेले असतात. कोण किती घाण करू शकतो, त्यावरून. सिमेंटसारखा मोठा कारखाना लाल गटात. वीटभट्टी नारिंगी. त्याहून साधे धंदे हिरव्यात, आणि ज्यांचा जवळजवळ त्रासच नाही ते पांढऱ्यात. लाल म्हणजे बंद नव्हे. लाल म्हणजे अटी कडक आणि नजर जास्त. चिमणीवर तर कायमचं यंत्र बसवलेलं असतं, तिथले आकडे आपोआप मंडळाकडे जातात.

"मंग आमच्या घरात धूळ काहून येते?" बाईनं विचारलं.

"ती बहुतेक रस्त्याची आहे, काकू. ट्रकची. चिमणीचं यंत्र ती मोजत नाही. म्हणून तर इथे आले. कारखान्याची परवानगी आता नव्यानं व्हायची आहे. तुमच्याकडे धूळ जास्त निघाली, तर ट्रकला गावाबाहेरून रस्ता आणि ताडपत्रीची सक्ती, या अटी त्यात घाला असं आम्हाला लिहिता येतं. नाही निघाली तर कशाच्या जोरावर लिहिणार?"

त्यांनी मशीनमध्ये एक पांढरा शुभ्र कागद बसवला. दिवसभर हवा त्यातून ओढली जाणार, धूळ कागदावर बसणार, मग कागद तोलायचा. "उद्या सकाळी येते. फक्त सगळं रोजच्यासारखं राहू द्या," असं सांगून त्या पुढच्या गावाला गेल्या.

बाई हो म्हणाली. पण घरात पाहुणा असताना रोजच्यासारखं राहणं तिच्या रक्तातच नाही. नागपूरची मशीन आपल्याकडे मुक्कामाला आली आणि दारातली धूळ तशीच ठेवायची? मॅडमची गाडी वळली न वळली तोच गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या. शेणाचा सडा पडला, रांगोळ्या उठल्या. कुणाच्या तरी वावरातून पाण्याचा टँकर आला आणि मोठ्या रस्त्यापर्यंत शिंपण झालं. दुपारी परत एकदा झालं. बाई कमरेवर हात ठेवून नाक्यावर उभी राहिली आणि ट्रकवाल्यांना दटावू लागली, "सावकाश जाय रे बापा, घरी पाहुणे हायेत!" मीही ओढणी खोचून पाणी मारत होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आणि हवा खरंच निवळली. पळसाची पानं हिरवी दिसली. बाईनं हळूच पातेल्याचं झाकण उघडलं, तर आत गव्हाचा चीक तयार होता. मशीन येणार म्हणून तिनं आधीच गहू भिजत घातले होते! मग काय, मशीन घरघरत होती आणि तिच्या बाजूला धोतरावर कुरडया पडत होत्या. बायका जुनी गाणी म्हणत होत्या. बाईनं पहिली वाटी माझ्या हातात दिली, साखर घालून. मला रडू आलं. चव तीच होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद बाहेर काढला. तो जवळजवळ पांढराच होता. बाईचा चेहरा फुलला. "पाहा, कसा सोच्छ राह्यला! आमच्या गल्लीत अशीच टापटीप असते."

मॅडमनी ओला रस्ता पाहिला, रांगोळ्या पाहिल्या, कुरडया पाहिल्या. मग खाली बसून त्यांनी बाईचा हात हातात घेतला आणि हळूहळू सांगितलं की या कागदाचा अर्थ इथे धूळ नाही असा होतो.

बाईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती कुरडयांकडे बघत राहिली. "म्हंजे म्या माह्याच हातानं केलं?"

"रस्ता ओला होता असं मी लिहीन. पुन्हा मोजायची परवानगी मागते," मॅडम म्हणाल्या. "मिळाली, तर त्या दिवशी पाण्याचा थेंबही नको, काकू. सडासुद्धा नको."

बाईनं वाकून खाली दारातल्या रांगोळीकडे पाहिलं.

मी परतले ती कुरडयांचा डबा घेऊन. येताना रहीमभाईंच्या ऑटोत तीच धूळ, तोच ठसका. पुण्यात पहिल्याच दिवशी कुरडया तळल्या. रेतीचा कण नाही. घरच्यांनी चट्टामट्टा केला, मी मात्र एकच पुरवून पुरवून खाल्ली. तसा दिवस त्या स्लॅबवर परत कधी येईल, हेच मनात येत राहिलं.

काल बाईचा फोन आला. मशीन पुन्हा आली होती.

"मग? सडा?" मी विचारलं.

"नाई टाकला. गल्लीत कोणीच नाई टाकला." आमच्यात दारात सडा-रांगोळी नसते ती फक्त घरात कोणी गेलं तर. बाईच्या दारात मी ते दोनदाच पाहिलंय, आई गेली तेव्हा आणि भाऊजी गेले तेव्हा.

"रस्त्यानं जाणारे इचारून राह्यले," बाई म्हणाली, "कोण मेलं म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"म्या म्हटलं, अजून कोणी नाई. म्हणून तं मोजून राह्यलो."