कवळीवालीचा सर्व्हर

गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणतात. दारावरच्या बोर्डावर दंत प्रयोगशाळा वगैरे लिहिलंय, पण तो बोर्ड वाचून आजवर कोणी आत आलेलं नाही. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात. ही त्यात प्लास्टर ओतते, मेणात दात रचते, मेणाच्या जागी गुलाबी हिरड्या भरते, घासते, चमकवते. पंचवीस वर्षं हेच चाललंय. हात कामावर आणि कान मागच्या खोलीकडे.

मागच्या खोलीत तिचे वडील, अण्णा. धंदा मूळचा त्यांचाच. तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन होऊन स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून गळ्याला भोक आणि भोकात नळी, त्यातूनच श्वास. बोलायचं ते पाटीवर खडूने लिहितात. हाक मारायची तर चमचा पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवतात. दोनदा वाजला तर पाणी. वाजतच राहिला तर नळीत कफ अडकलाय, हातातलं टाकून धावायचं. पॉलिशचं चाक घरघरत असलं तरी तिला तो चमचा बरोबर ऐकू येतो. नवरा ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी असतो. तो म्हणतो, "मी चार हाका मारल्या तरी हिला पत्ता नसतो. मलाही एक चमचा आणून द्या."

आठ वर्षांपूर्वी तिने स्कॅनर घेतला आणि प्रत्येक जबड्याचा साचा कॉम्प्युटरात ठेवायला सुरुवात केली. कारण कवळ्या हरवतात. दवाखान्यात चादरीबरोबर धुवायला जातात, प्रवासात बेसिनवर राहतात, एकीची तर कुत्र्याने पळवली. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं पुन्हा माप कोण घेणार? ही जुना साचा काढते आणि आठवड्यात कवळी हातात देते. अशी साडेतीन हजार तोंडं तिच्याकडे जमली होती, दोन डिस्कवर, दोन्हीकडे तंतोतंत सारखी. एक गेली तर दुसरी आहेच, म्हणून ती निर्धास्त होती.

मंगळवारी एक गेली. बुधवारी कॉम्प्युटर अर्ध्या अर्ध्या तासाने आपणहून बंद पडायला लागला आणि उरलेल्या डिस्कमधून नखाने टिचकी मारल्यासारखा आवाज यायला लागला.

थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भावजी, एका कचेरीत कॉम्प्युटर सांभाळतात. त्यांनी पेटी उघडली आणि दोन पावलं मागे सरले. आत पांढरं फटक. "हा कॉम्प्युटर आहे की पिठाची गिरणी?"

"प्लास्टरची धूळ आहे. माझ्या केसांत पण आहे, ते नाही कधी बंद पडले."

"चेष्टा पुरे. उरलेली डिस्क लॅपटॉपला लावून बघितली, दोनदा मध्येच जोडणी तुटली. हिला व्यवस्थित नव्या पेटीत बसवून हळूहळू सगळं उतरवून घ्यायला हवं. आणि नवी पेटी या धुळीत नको. स्वयंपाकघरात वाफ. राहिली अण्णांची खोली. मी एकेक भाग निवडून छान शांत सर्व्हर बांधून देतो. भाग यायला आठ दिवस."

"आठ दिवस ही डिस्क काय करणार?"

"बंद करून कपाटात."

"आणि परत चालूच झाली नाही तर?"

भावजी चष्मा पुसत बसले.

म्हणून गुरुवारी सकाळी ती जुन्या मशिनींच्या दुकानात गेली. बंद पडलेल्या कचेऱ्यांचे सर्व्हर तिथे गाद्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. दुकानदाराला सगळे भंगारशेठ म्हणतात आणि त्याला ते आवडत नाही.

"ताई, भंगार नव्हे हे. पाच वर्षं थंड खोलीत राहिलेला माल. आत्ता न्या, तासाभरात डिस्क उतरवायला लागा. चार वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार आहे."

"चालू करून दाखव."

बटण दाबलं आणि विमान उडतं तसा आवाज झाला. तिने कान झाकले. मिनिटभराने आवाज खाली आला.

"बघा. सुरुवातीला जरा ओरडतो, मग गप."

"कामाला लागला की परत ओरडतो का?"

"ते खोली किती गरम, त्यावर असतं." शेठने नजर दुसरीकडे वळवली. "असं करा, दोन दिवस घरी चालवून बघा. नाही पटला तर आणून द्या. माझ्याइतका मऊ माणूस मिळणार नाही तुम्हाला."

बाराच्या सुमाराला सर्व्हर अण्णांच्या खोलीत स्टुलावर बसला. भावजींनी जुनी डिस्क आणि शेठकडूनच आणलेल्या दोन नव्या डिस्क आत सरकवल्या, उतरवणं सुरू केलं. सात तास लागणार होते. "मध्ये बंद करू नकोस. ती आता कशीबशी चाललीय, थांबली तर थांबलीच," असं बजावून ते कचेरीला पळाले.

अण्णांनी पाटीवर लिहिलं, 'बायकोपेक्षा कमी बोलतो.' ती हसली आणि कामाला गेली. एका डॉक्टरची कवळी पाच वाजता पोचवायची होती.

धूळ जाऊ नये म्हणून तिने अण्णांच्या खोलीचं दार आणि खिडकी लावून घेतली होती. खोली तापायला वेळ लागला नाही. दीडच्या सुमाराला पंख्यांचा आवाज चढला. ती ऐकत होती, पण कामाच्या खोलीतून तो नुसता घोंघाट वाटत होता. तिने पॉलिशचं चाक बंद केलं, कान दिला. घोंघाटच. परत चाक चालू केलं. दोन दात घासून झाले आणि तिचा हात थांबला. तिला काही ऐकू आलं म्हणून नव्हे. एवढा वेळ अण्णांनी पाणी मागितलं नाही, असं तिच्या मनात आलं.

तिने दार ढकललं. गरम वारा तोंडावर आला. अण्णा पलंगावर वाकडे बसले होते, ओठ निळे पडलेले, आणि हातातला चमचा दांडीवर आपटतच होता. चमचा दांडीला लागताना तिला दिसत होता. आवाज नव्हता.

कफ ओढायचं मशीन तिने कसं लावलं ते तिला नंतर आठवेना. नळीच्या आतली बारीक नळी काढली, दुसरी घातली, पुन्हा ओढलं. एक, दोन, तीन. मग गळ्यातून शिट्टीसारखा श्वास आला. मग दुसरा. ओठांवर रंग परत यायला लागला. तिने खिडकी उघडली आणि सर्व्हरकडे वळून बटणावर बोट ठेवलं.

अण्णांनी तिचं मनगट धरलं. एवढा जोर या हातात कुठून आला, तिला कळलं नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी पाटी ओढली. 'थांबवू नको.'

"अण्णा, तुम्ही आत्ता गेला असतात."

'गेलो नाही. माणसांची तोंडं आहेत ती.'

"आणि हे काय आहे?" तिने त्यांच्या छातीवर हात ठेवला.

त्यांनी 'थांबवू नको'च्या खाली रेघ मारली.

स्क्रीनवर एकतीस टक्के होते. तिने बटणावरचं बोट काढलं, खुर्ची ओढली आणि अण्णांच्या समोर बसली. कान उपयोगाचे नव्हते, म्हणून डोळे त्यांच्या गळ्यावर. छाती वर, छाती खाली. टक्के चढत होते ते ती एका डोळ्याने बघत होती. दर थोड्या वेळाने जुनी डिस्क अडखळायची, आकडा जागीच राहायचा, आणि तिचाही श्वास तिथेच अडकायचा. कामाच्या खोलीत ती कवळी अर्धी घासलेली पडून होती. पाच वाजता डॉक्टरांचा फोन आला. घोंघाटात त्यांचे शब्द नीट कळले नाहीत, सूर मात्र कळला. "उद्या देते," एवढं ओरडून तिने फोन ठेवला. दोनदा अण्णांचा कफ काढला. लघवीला जायला उठली तीसुद्धा दार उघडं ठेवून आणि पळत.

साडेसहाला भावजी आले. सातला उतरवणं संपलं. एक्केचाळीस तोंडं वाचता आली नव्हती, बाकी सगळी आली. भावजींनी सर्व्हरला थोपटलं. "मशीन खणखणीत आहे हं. राहू दे. खिडकी उघडी ठेव, मी पंख्यांचा वेग जरा कमी करून बघतो."

"नको."

'ठेव,' अण्णांनी लिहिलं. 'मी जोरात वाजवीन.'

"तुम्ही आपटत होता अण्णा, मी भिंतीपलीकडे होते." ती भावजींकडे वळली. "भावजी, हा आत्ता बंद करा. नव्या डिस्क काढून मला द्या, त्यांचे पैसे शेठला पोचवते, पेटी परत. तुमचा तो शांत सर्व्हर मागवा. मोठे पंखे, सावकाश फिरणारे. वेगाने चालला नाही तरी चालेल. आणि या वेळी एक प्रत तुमच्या घरी."

"मागवतो. पण आठ दिवस तुझं काम अडेल. कोणाची कवळी हरवली तर?"

तिने सर्व्हर स्वतःच बंद केला. खोलीत इतकी शांतता झाली की अण्णांच्या नळीतली हवा ऐकू यायला लागली.

"तर घरी जाईन आणि तोंड उघडायला सांगेन," ती म्हणाली. "तेवढा वेळ अण्णांपाशी ताईला बसवा. त्या एक्केचाळीस जणांकडेही जावंच लागणार आहे. यादी द्या."

भावजींनी मघाशीच कागदावर उतरवून ठेवलेली यादी खिशातून काढली. अण्णांनी ती आपल्याकडे घेतली, चष्मा लावला आणि तीन नावांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या. मग पाटीवर लिहिलं, 'हे तिघे आधी. वय झालंय.'